कॅराव्हॅनची मैला टाकी कुठे आणि कशी रिकामी करावी? तिचा पाइप स्वच्छ कसा ठेवावा?

सीनाकाठ (धागाकर्ता)

कॅराव्हॅन बांधून घेताना पलंग, ओटा, बॅटरी आणि सोलर पॅनेल यांवर लोक महिनोन्महिने खल करतात. शौचालयाखालच्या टाकीत जमा झालेल्या मैल्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र गाडी दारात उभी राहिल्यावरच समोर येतो. परदेशात यासाठी तळांवर ठरावीक जागा असतात, जिथे गाडी लावून पाइप जोडला की काम होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण सोलापूरहून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर किंवा विजापूरकडे निघालेल्या कुटुंबाला वाटेत अशी सोय मिळेल असे धरून चालता येत नाही. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, टाकी कुठे रिकामी करायची हे गाडीची चावी फिरवण्याआधी ठरलेले असले पाहिजे. जागा ठरलेली नसली की टाकी भरते, वास सुटतो, आणि मग माणूस अंधारात एखाद्या ओढ्याच्या काठी गाडी उभी करतो. हे मी यात्रेच्या गावाजवळ घडताना पाहिले आहे आणि ते पाहून फार वाईट वाटले, कारण त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला बायका धुणे धूत होत्या.

गाडीत साधारणपणे तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरण्याच्या पाण्याची, दुसरी ओट्याच्या आणि न्हाणीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. मैला टाकीचा व्हॉल्व्ह प्रवासात आणि मुक्कामात कायम बंद ठेवावा. मुक्कामी पाइप जोडून तो उघडा ठेवला, तर पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग टाकीच्या तळाशी थर धरून बसतो. तो थर पुढे काही केल्या हलत नाही. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यावी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडताच पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळे एकदम बाहेर पडते. परदेशी मार्गदर्शनात कागद अडकण्याबद्दल बरेच काही लिहिलेले असते. आपल्याकडे तो त्रास जवळजवळ नाही, पण आपण पाण्याचा वापर करत असल्यामुळे टाकी फार लवकर भरते, हा फरक लक्षात घेऊनच तिचा आकार ठरवावा. माझ्या गाडीची मैला टाकी ८० लिटरची आहे आणि चौघांच्या कुटुंबाला ती दोन दिवसही कशीबशी पुरते. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर टाकीत कधीच जाऊ देऊ नयेत.

आता रिकामी करण्याचा क्रम. हातात नायट्राइलचे मोजे, पायात बंद बूट, आणि गाडी किंचित अशी उभी केलेली की टाकीच्या तोंडाची बाजू उताराला येईल. पाइपाचे चेंबरकडचे (म्हणजे सांडपाणी जिथे सोडायचे त्या झाकणाच्या कुंडीकडचे) टोक आधी बसवावे आणि त्यावर वजन ठेवावे, कारण लोंढा आला की हलका पाइप उसळून बाहेर येतो. त्यानंतर गाडीकडचे टोक जोडावे, कपलिंगचे, म्हणजे टोकाच्या जोडाचे, कान खाचेत पुरते फिरले आहेत ना हे हाताने चाचपावे, आणि मगच मैला टाकीचा व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण उघडावा. अर्धवट उघडला तर पाणी पुढे जाते आणि बाकीचे मागे राहते. जोडाजवळ पारदर्शक एल्बो (पाइपाचा वाकडा तुकडा) बसवून घेतला असेल तर आत काय चालले आहे ते दिसते. प्रवाह मंदावला की व्हॉल्व्ह बंद करून टाकीत दहा-वीस लिटर पाणी सोडावे आणि पुन्हा उघडावे, आणि एल्बोतून साधारण स्वच्छ पाणी दिसेपर्यंत हे करावे. मैला टाकीचा व्हॉल्व्ह बंद केल्यानंतरच सांडपाण्याची टाकी उघडावी. हा क्रम उलटा करू नये, कारण साबणाचे पाणी मागाहून गेल्यामुळे पाइप आतून आपोआप धुतला जातो.

शेवटचा भाग बहुतेक जण घाईत उरकतात आणि खरी घाण तिथेच सांडते. वळ्यांच्या पाइपात, प्रत्येक वळीत थोडे थोडे, मिळून पेला-दोन पेले पाणी राहतेच. गाडीकडचे टोक सोडवल्याबरोबर ते वर उचलून धरावे आणि पाइप हातावर हात सरकवत चेंबरच्या दिशेने उंचावत न्यावा, म्हणजे साचलेले पाणी एकेका वळीतून पुढे ढकलले जाते. असे दोनदा केल्यावर पाइपातून थोडे साधे पाणी सोडून पुन्हा तेच करावे. कपलिंगच्या आतली रबरी रिंग बोटाने फिरवून पाहावी. तिच्या कडेला केस, धागे आणि चिकट थर अडकलेला असतो आणि पुढच्या वेळी गळती होते ती याच थरामुळे. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती रिंग घासावी आणि तो ब्रश त्याच डब्यात कायमचा ठेवावा. दोन्ही टोकांना टोपणे लावली की पाइप बाहेरून साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावा. हे सगळे झाल्यावर मोजे उलटे करून काढावेत आणि हात धुतल्याशिवाय गाडीच्या दाराच्या मुठीला, स्टिअरिंगला किंवा पाण्याच्या नळाला स्पर्श करू नये.

पाइप ठेवण्याबाबत माझा एकच नियम आहे आणि त्याला मी कधीही मुरड घालत नाही. मैल्याचा पाइप, धुण्याचा पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप हे तीन वेगळे असतात, तीन वेगळ्या रंगांचे असतात आणि तीन वेगळ्या जागी राहतात. पिण्याच्या पाण्याचा पाइप मैल्याच्या कप्प्यात क्षणभरसुद्धा ठेवायचा नाही. आपल्या घरात पिण्याच्या पाण्याच्या माठाला जो मान असतो, तोच मान गाडीतल्या त्या एका पाइपाला मिळाला पाहिजे.

सोलापूर परिसरात गाडी रिकामी करण्याची कोणती ठिकाणे आणि पद्धती आपण वापरता, हे कृपया लिहावे.

जुळे सोलापूर

अतिशय उपयुक्त धागा. माझा प्रश्न असा की, आमच्या घराला सेप्टिक टँक आहे आणि गाडी दारातच उभी राहते. तर घरच्या चेंबरमध्ये टाकी रिकामी केली तर चालेल का? माझ्याकडे टाकीत घालण्याचे एक निळे रसायन आहे, त्याचा सेप्टिक टँकवर परिणाम होईल का?

भुईकोट

मी स्थापत्य अभियंता असून सांडपाण्याच्या कामांत बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून उत्तर देतो. घरचे चेंबर ही सोलापुरातली सर्वांत सरळ आणि प्रामाणिक जागा आहे. मात्र सेप्टिक टँकचे काम हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर चालते. मैल्यातला जड भाग तळाशी बसतो, तो हे जिवाणू हळूहळू पचवतात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. टाकीत टाकण्याच्या जुन्या धाटणीच्या रसायनांत फॉर्मल्डिहाइड असते आणि ते वास मारते तसे जिवाणूंनाही मारते. आपल्या बाटलीवर हा शब्द असेल तर ते पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये. त्याऐवजी एन्झाइम किंवा जिवाणूंवर आधारलेली पावडर घ्यावी. दुसरी गोष्ट वेगाची. पाच माणसांच्या घराची टाकी साधारण हजार-दीड हजार लिटरची असते. तिच्यात ८० लिटर मैला आणि वर धुण्याचे पाणी एकदम आले की तळाचा गाळ ढवळला जाऊन शोषखड्ड्यात शिरू शकतो. त्यामुळे घरी सोडताना मात्र मैल्याचा लोंढा गेल्यावर थोडे थांबावे, धुण्याचे पाणी हळूहळू सोडावे, आणि सांडपाण्याची टाकी त्याच वेळी न सोडता दुसऱ्या दिवशी सोडावी.

शोषखड्ड्याच्या बाबतीत आपल्या काळ्या जमिनीची अडचण आहे. ती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. पावसाळ्यात आपल्या शोषखड्ड्यातले पाणी वर येत असेल, तर त्या चार महिन्यांत गाडीची टाकी तिथे रिकामी करू नये. ड्रेनेज लाइन जोडलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी विचारून सोय करावी.

काळेरान

राम राम मंडळी. आमची शेती मोहोळच्या बाजूला आहे आणि गाडी बहुतेक वेळ रानातच असते. जुन्या लोकांनी सोनखताचा, म्हणजे मैल्याच्या खताचा, वापर केलेलाच आहे, तर बांधाच्या कडेला टाकी सोडली तर त्यात एवढे वावगे काय आहे? जमिनीलाही सेंद्रिय काही मिळेल, असे मला वाटते.

भुईकोट

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सोनखत म्हणजे कुजून, पिकून तयार झालेला पदार्थ होता. टाकीतून निघतो तो दोन दिवसांचा कच्चा मैला. त्यात जंतांची अंडी असतात आणि ती मातीत महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त काळ जिवंत राहतात. दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा वर्षभराहून अधिक काळ बंद ठेवून मगच उपसतात, ते याच कारणासाठी. बांधावर सोडलेले पाणी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात उतरले, तर ती अंडी थेट ताटात येतात.

आता आपल्या रानाचे पाहा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत ओतलेले पाणी मातीतून गाळले जात नाही, ते सरळ खाली मुरुमात आणि काळ्या खडकाच्या फटींत उतरते. तिथूनच आपल्या विहिरीला आणि बोअरला झरे येतात. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्यानुसार जाणूनबुजून प्रदूषक पदार्थ प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ते पाणी आपल्याच घरचे लोक पितात. रानात सोय करायचीच असेल, तर विहीर आणि बोअरपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला दोन खड्ड्यांचे शौचालय बांधून घ्यावे. गाडीचा मैला त्याच्या चेंबरमधून थोडा थोडा सोडता येतो आणि रानात काम करणाऱ्या बायामाणसांचीही सोय होते.

काळेरान

भेगांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमचे बोअर बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. शौचालयाचे काम दिवाळीनंतर हाती घेतो.

होटगीकर

आमच्या गाडीत मोठी टाकी नसून कॅसेटचे शौचालय आहे, त्यामुळे लांब पाइपाचा प्रश्नच येत नाही. सुमारे वीस लिटरची ही पेटी बाहेरच्या दारातून ओढून काढता येते, तिला चाके असतात आणि ती साध्या शौचालयाच्या भांड्यात रिकामी करता येते. लॉजवाल्याला किंवा धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला आधी स्पष्ट विचारले, आणि काम झाल्यावर भांडे ब्रशने घासून, फरशी धुऊन दिली, तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते असा आमचा अनुभव आहे. न विचारता कधीही ओतू नये. एकाने गुपचूप घाण करून ठेवली की मागून येणाऱ्या दहा कुटुंबांना नकार ऐकावा लागतो.

ओतताना हवेचे बटण दाबून धरावे, नाहीतर पेटी गचके देत ओकते आणि अंगावर उडते. झाकणाची रबरी सील कोरडी पडली की चिरते, म्हणून तिला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फुगून खराब होऊ शकते.

कंबरतलाव

धागा वाचून फार बरे वाटले. या विषयावर मोकळेपणाने कुणी लिहीत नाही. आमची अडचण वासाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत गाडी दोन-तीन आठवडे दारात बंद उभी राहते आणि दार उघडल्यावर आत उभे राहवत नाही. टाकी तर आम्ही रिकामी करून ठेवतो. सासूबाई म्हणतात की टाकीत फिनेल ओता, पण माझे मन घेत नाही.

सीनाकाठ

ताई, आपला अंदाज बरोबर आहे, फिनेलने काम होणार नाही. आपण टाकी रिकामी ठेवता, पण ती कोरडीही पडते, आणि वासाचे एक मूळ तिथेच आहे. भिंतीला राहिलेला पातळ थर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात वाळून चिकटतो. टाकी धुतल्यावर तिच्यात पाच-सहा लिटर स्वच्छ पाणी आणि एन्झाइमची पावडर घालून ठेवावी.

दुसरे मूळ ओट्याच्या आणि न्हाणीच्या खालच्या वाकड्या पाइपात आहे. त्या वळणात जे पाणी साचून राहते, तेच सांडपाण्याच्या टाकीतला वास अडवत असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाणी बंद गाडीत उडून जाते आणि वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे. लांब जायचे असेल तर त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. शौचालयाच्या भांड्याच्या तळाशीही बोटभर पाणी राहू द्यावे. छतावरचा पंखा चालू असताना मात्र फ्लश करू नये. पंखा गाडीतली हवा बाहेर ओढतो आणि झडप उघडताच टाकीतली हवा वर येते.

भुईकोट

धुण्याच्या पाण्याबद्दल एक धोका सांगितला पाहिजे आणि तो सोलापुरात विशेष आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी बंद होते तेव्हा वाहिनी रिकामी होताना तिच्यात ओढ निर्माण होते, आणि त्या वेळी नळाला जोडलेल्या पाइपाचे दुसरे टोक मैला टाकीत बुडालेले असेल, तर टाकीतले पाणी उलटे वाहिनीत शोषले जाते. ते केवळ आपल्या घरात येत नाही, संपूर्ण गल्लीत जाऊ शकते. म्हणून टाकी धुण्यासाठी नळाचा पाइप कधीही थेट जोडू नये. बादलीने किंवा ड्रममधून पाणी घालावे, किंवा पाइपाचे टोक टाकीच्या तोंडापासून चांगले वीतभर वर धरून धार सोडावी. गच्चीवरच्या टाकीचा नळ असला तरी हीच सवय ठेवावी.

ब्लीचिंगबाबतही सावध राहावे. पाइप साबणाने धुतल्यावर पातळ ब्लीचच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा धुतला तर चालते, परंतु शौचालय घासण्याचे आम्लाचे द्रावण आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद कप्प्यात तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही बाटल्या गाडीत शेजारी ठेवूही नयेत.

होटगीकर

आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला मुक्काम करायचा असेल तर काय करावे? तिथे एवढी गर्दी असते की कुणाच्या शौचालयात जाऊन पेटी ओतण्याचा विचारही करवत नाही, आणि चंद्रभागेच्या आसपास तर काहीच सांडता कामा नये.

भुईकोट

वारीच्या काळात मोठी टाकी असलेल्यांनी गावाबाहेर गाडी लावावी आणि मैला उपसणारा व्हॅक्युम टँकर बोलवावा. पालखी मार्गावर आणि पंढरपुरात फिरती शौचालये असतात, त्यामुळे असे टँकर त्या दिवसांत परिसरात असतात. नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात विचारणा करून शुल्क भरावे. इतर दिवशी सोलापुरातही महापालिकेकडे अशीच विचारणा करता येते. सेप्टिक टँक आणि ड्रेनेजसाठी देशभर १४४२० हा मदत क्रमांकही आहे. टँकर कुठे रिकामा होणार हे चालकाला अवश्य विचारावे. प्रक्रिया केंद्रावर नेतो असे तो सांगत नसेल, तर त्याला काम देऊ नये, कारण आपण टाळलेला ओढा मग तो गाठेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. टाकी तुंबली म्हणून कुणा मजुराला पैसे देऊन हाताने उपसायला लावू नये. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आहे, आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यावरही आहे. टाकी तुंबली असेल तर कोमट पाणी आणि एन्झाइम घालून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी गाडी खडबडीत रस्त्यावर थोडी फिरवावी आणि मग व्हॉल्व्ह उघडावा. बहुतेक थर सुटतो.

जुळे सोलापूर

सर्वांचे आभार. फॉर्मल्डिहाइडचे रसायन बाजूला काढले आहे. शेवटचा प्रश्न पाइपाच्या नळकांड्याबद्दल. गाडीच्या खाली आडवा पीव्हीसी पाइप बसवून त्यात मैल्याचा पाइप ठेवावा असा विचार आहे. माझा पाइप तीन इंची आहे, तर ११० मिलिमीटरचे नळकांडे पुरेल ना? आणि ते दोन्ही बाजूंनी घट्ट बंद करावे का?

सीनाकाठ

११० चे घेऊ नये. पाइप त्यात जाईल, पण कपलिंगचे बाहेर आलेले कान अडकतील आणि दर वेळी ओढाताण करावी लागेल. १६० मिलिमीटरचे घ्यावे. नळकांडे पाइप पूर्ण दाबल्यावरच्या लांबीपेक्षा हातभर जास्त कापावे, म्हणजे दोन्ही टोपणे लावूनही तो सहज बसतो.

ते घट्ट बंद करू नये. कोंडलेल्या ओलाव्यात बुरशी धरते आणि आपल्या उन्हात आतली हवा तापून वास पक्का होतो. एका टोकाला पक्के टोपण, दुसऱ्या टोकाला आट्यांचे, आणि दोन्ही टोपणांना वरच्या अर्ध्या भागात पाच-सहा मिलिमीटरची भोके पाडून आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवावी. खाली भोके ठेवली तर रस्त्यावर थेंब गळतात. नळकांडे आट्यांच्या टोकाकडे किंचित उतरते बसवावे. मुक्कामी ते टोपण उघडताना खाली जुना डबा धरला की साचलेले दोन-चार थेंब त्यात येतात. क्लॅम्प तीन तरी हवेत, आणि ते सायलेन्सरपासून लांब, शक्यतो गाडीच्या डाव्या बाजूला. घरी आल्यावर पाइप बाहेर काढून सावलीत, दोन्ही टोके खाली लोंबतील असा दोरीवर टाकून पूर्ण वाळवावा. उन्हात वाळवू नये, कारण ऊन लागले की वळ्या कडक होऊन त्यांना बारीक चिरा जातात. वाळत घालण्यापूर्वी, मोजे घालून, एक टोक तळहाताने दाबून दुसऱ्या टोकातून पाणी भरून पाहावे. जिथे थेंब दिसेल तो पाइप चिकटपट्टीने जोडत न बसता बदलून टाकावा.